वाऱ्याचा घाट

"रानात जाऊन येतो," असं मी म्हटलं की बायको हसते. गेली नऊ वर्षं हसते आहे. शुक्रवारची पहाट, फजरची अजान नुकतीच संपलेली, मी दिवाणखान्यात उकिडवा बसून टायरमध्ये हवा भरत असायचो, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "कुठलं रान?"

प्रश्न रास्त आहे. आमचं बिऱ्हाड उम्म सलाल मोहम्मदमध्ये, दोहापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. गच्चीत उभं राहिलं की चहूकडे भिजवलेल्या मुलतानी मातीचा रंग. वर्षाचा पाऊस जेमतेम पाऊणशे मिलिमीटर. माझं मूळ गाव सावंतवाडी. तिथून तीस किलोमीटरवर आंबोली, आणि पाऊणशे मिलिमीटर म्हणजे आंबोलीच्या पावसाचं एका दुपारचं काम. पण तोंडात बसलेला शब्द सुटत नाही. बाबा शाळेतून उशिरा आले की आई म्हणायची, "रानातून येतायत, उशीर होणारच." बाबांची शाळा दाणोलीच्या बाजूला होती. काळी हर्क्युलस, मागे कॅरिअर, कॅरिअरच्या चिमट्यात छत्री. कधी नारळ, कधी कुणी दिलेला फणस, तर कधी मी. मी थोडा मोठा झालो तसा मला दांड्यावरून कॅरिअरवर बढती मिळाली. घाट सुरू झाला की बाबा खाली उतरत आणि सायकल ढकलत चालू लागत. मी बडबड करायचो. ते एवढंच म्हणायचे, "चढार बोलू नको, दम वाया जाता."

कतारमध्ये चढ नाही. देशातली सर्वांत उंच जागा दक्षिणेला आहे, कुरैन अबू अल बौल, उंची 103 मीटर. आंबोली 690. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी सायकल घेतली आणि महिनाभरात वैतागलो. घाट हवा म्हणून लोक इथे उड्डाणपुलांवरून खालीवर करतात, मीही केलं. पाच वेळा चढायचं, पाच वेळा उतरायचं. पिंजऱ्यातल्या खारीचा व्यायाम. मग एका फेब्रुवारीत घाट सापडला. तो रस्त्यात नव्हता, वाऱ्यात होता.

इथल्या वाऱ्याचं नाव शमाल. शब्दाचा अर्थ उत्तर. वायव्येकडून येणारा वारा शमाल, देशाच्या उत्तर टोकाचं शहर अल शमाल, आणि आमच्या उम्म सलालवरून तिकडे जाणारा हमरस्ताही शमालच. म्हणजे शमालने शमालला निघालं की शमाल तोंडावर येतो. डोळ्यांसमोर रस्ता बशीसारखा सपाट, आणि पायाखाली आंबोलीचा तो शेवटचा वळणाचा चढ. गिअर एकेक उतरवत जायचं, मान खाली, ओठ मिटलेले. डोंगराच्या चढाला माथा तरी असतो. वाऱ्याचा चढ तुम्ही वळाल तेव्हाच संपतो.

16 ऑक्टोबर 2016 रोजी या वाऱ्याने जगातल्या भल्याभल्यांची वासलात लावलेली आम्ही पाहिली. रोड सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी दोहात होती. पुरुषांची शर्यत 257 किलोमीटरची, त्यातला मोठा तुकडा उत्तरेच्या वाळवंटातून अल खोरकडे जाऊन परत. सपाट रस्ता, त्यामुळे सगळे शेवटपर्यंत घोळक्याने येतील आणि अखेरच्या दोनशे मीटरमध्ये निकाल लागेल, असं घरी बसलेल्याला वाटावं. पण उघड्यावर आडवा वारा लागला आणि घोळका उभा फाटला. आडव्या वाऱ्यात एकामागे एक राहून आडोसा मिळत नाही. पुढच्याच्या किंचित बाजूला, वारा जिकडून येतो त्याच्या उलट अंगाला सरकावं लागतं. त्याच्या बाजूला तिसरा, त्याच्या बाजूला चौथा. आकाशातल्या बगळ्यांसारखी तिरकी रांग होते. गोम अशी की आकाशाला कडा नसते, रस्त्याला असते. दहा-पंधराजणांत रस्ता भरतो. जो सोळावा, तो कडेच्या वाळूशी वारा खात एकटा पडतो, आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यासकट तुटतात. हे गणित बेल्जियन लोकांना आईच्या दुधाबरोबर मिळतं म्हणतात. इथे 2002 ते 2016 पर्यंत टूर ऑफ कतार व्हायची, ती बेल्जियमच्या टॉम बोनेनने चार वेळा जिंकली होती. त्या दिवशी मात्र तो तिसरा आला, मार्क कॅव्हेंडिश दुसरा, आणि स्लोव्हाकियाचा पीटर सागान पहिला. पुढच्या घोळक्यात शेवटपर्यंत वीस-पंचवीसजण उरले होते. बाकीचे शे-दीडशे जगज्जेते वाटेतच वाऱ्याच्या घाटात गळपटले. त्या दिवसापासून मी स्वतःला फारसा दोष देत नाही.

आता त्या रानाबद्दल.

आमच्या गावाला जुळं आहे. उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर उम्म सलाल अली. उम्म म्हणजे आई. एक मोहम्मदचं, एक अलीचं. दोन्ही नावं पहिल्यांदा पाटीवर वाचली तेव्हा मला आपले बुद्रुक आणि खुर्द आठवले. इथेही मोठं गाव आधी, धाकटं पुढे, आणि धाकट्यापाशी जुनाट काहीतरी पुरलेलं. उम्म सलाल अलीपाशी प्राचीन थडग्यांची टेकाडं आहेत. टेकाड म्हटलं तरी ढोपरभर उंचीचं. इथे उंचीची सगळीच मोजमापं बदलून घ्यावी लागतात.

गाव मागे पडलं की जमीन मधूनच किंचित खोलगट होते. परातीला पोचा आल्यासारखी. आजूबाजूचं पावसाचं पाणी आणि त्याबरोबरचा गाळ वर्षानुवर्षं तिथे उतरतो, म्हणून तिथे झाडं तगतात. अशा जागेला इथे रौदा म्हणतात. अर्थ बाग. खुलताबादला पूर्वी रौझा म्हणत तो हाच शब्द. एवढा प्रवास करून तो आपल्याकडे आला आणि आपण त्याला थडग्यांशी जोडून टाकलं, इथे तो अजून पाण्याशी जोडलेला आहे. रौद्यात झाडं दोन-तीन जातींचीच. सिदर म्हणजे आपल्या बोरीची बहीण, फळं बोरासारखीच, चवीला जरा पिठूळ. समर म्हणजे बाभळीची चुलत बहीण. आणि वेडी बाभूळ. ती मात्र कुणाची बहीण नाही. तीच ती, आपल्याकडे सोलापूरपासून बारामतीपर्यंत माळ खाऊन बसलेली, इथेही न बोलावता आलेली.

तिचा काटा मला गेल्या जानेवारीत लागला. म्हणजे मागच्या टायरला. आमचा शुक्रवारचा सायकलवाल्यांचा घोळका त्या दिवशी चुकला होता, मी एकटाच. पिशवीत ट्यूब होती ती आधीच्या आठवड्यात वापरून झालेली, नवी घ्यायची राहिलेली. असा शहाणा माणूस सायकल खांद्यावर मारून जवळच्या एका शेताच्या फाटकाशी गेला. कुंपणाच्या आत खजुराच्या रांगा, जाळीखाली काकडी, आणि पंपाच्या खोलीचं निळं दार. दारात चाळिशीचा बंगाली गडी दात घासत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, आणि काही न विचारता बादली आणली.

पंक्चर काढताना माणसाचं खरं कुळ कळतं. त्याने चाक सोडवलं, चमच्याच्या मागच्या टोकाने टायर उचकला. मी म्हटलं, "सांभाळून." त्याने लक्ष दिलं नाही, ते बरंच झालं. ट्यूब फुगवून बादलीतल्या पाण्यात इंच इंच फिरवली. एका ठिकाणी बारीक बुडबुड्यांची माळ लागली. बोटाने ती जागा धरून ठेवली, पुसली, पॉलिश पेपरने घासली. जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कात्रीने गोल कापला, कडा तिरप्या घासल्या, म्हणजे पुढे उचकटत नाहीत. दोन्हींना सोल्युशन लावलं. मी तुकडा चिकटवायला पुढे झालो तर त्याने माझा हात बाजूला केला. "चमक जाने दो, भाई." सोल्युशनची ओली चमक मावळून पृष्ठभाग मंद दिसायला लागेपर्यंत आम्ही दोघं त्या नखाएवढ्या तुकड्याकडे बघत बसलो. वाडीतल्या सायकलच्या दुकानात, लाकडी बाकावर, मी असाच बसायचो. त्या वासाला चाळीस वर्षं झाली तरी काही झालेलं नाही.

बसल्या बसल्या त्याने माझ्या सायकलीची चौकशी केली.

"कॅरिअर नहीं है?"

"नहीं."

"स्टँड?"

"नहीं."

"मडगार्ड भी नहीं. तो इसमें देते क्या हैं?"

किंमत विचारली तेव्हा मी खोटं बोललो. खऱ्याचा तिसरा हिस्सा सांगितला, तोही त्याला थट्टा वाटला. त्याची सायकल भिंतीला टेकून होती. जाड नळीची, कॅरिअरला दोरी गुंडाळलेली. तिच्यावरून तो गॅसचा सिलिंडर आणतो, जुम्म्याच्या नमाजाला जातो, मोबाइलचा रिचार्ज मारायला सात किलोमीटरवर जातो. अकरा वर्षं. आमच्या घोळक्यात कोण किती किलोमीटर मारतो याची चढाओढ असते. त्याने वर्षाचे किती मारले असतील याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

तो खुलन्याचा. म्हणजे सुंदरबनाच्या उंबरठ्यावरचा. मी म्हटलं, मी पुढे थकीराला चाललोय, तिवरं बघायला. तो मोठ्याने हसला. तसली झाडं त्याच्या घरामागे सरपणाला असतात. मग मी रौद्याकडे बोट दाखवून विचारलं, तिथून रस्ता आहे का? तर म्हणाला, "हाँ, जोंगल के पीछे से निकलता है."

जोंगल. तीसेक बोरी, पाच-सात बाभळी. सुंदरबनाच्या काठचा माणूस, वाघाचं रान पाहिलेला, आणि त्या तीस झाडांना तो जंगल म्हणतो. मी विचारलंच, हे जंगल कसलं? त्याने बोटांवर मोजत सांगितलं, "छाया है, चिड़िया है, और मुदीर उधर नहीं आता."

मुदीर म्हणजे साहेब. जंगलाची इतकी नेमकी व्याख्या मी वनखात्याच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. घरी येऊन बायकोला सांगितली. त्या दिवसापासून ती हसते, पण "कुठलं रान" विचारत नाही.

थकीरा अल खोरच्या पुढे, किनाऱ्यावर. हमरस्ता नको असेल तर पूर्वेला जाऊन अल खोर रस्त्यालगतचा सायकलमार्ग धरावा. सात मीटर रुंद, भुयारी वाटांमधून मोटारींना चुकवत जाणारा. 2020 मध्ये सलग 32.869 किलोमीटरचा म्हणून त्याचा गिनीज विक्रम झाला. मार्ग उत्तम आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. इतक्या गुळगुळीत रस्त्यावर माणूस स्वतःच्या घड्याळाकडे बघत राहतो. शेवटी अल बैत स्टेडियम लागतं, 2022 च्या विश्वचषकाचं, साठ हजार माणसांचा तंबू. ते ओलांडलं की अल खोर, मग थकीरा.

आणि मग एकदम हिरवं. डोळ्यांना चावतं. खाडीच्या उथळ पाण्यात तिवरांचे पट्टे, कुठे कमरेएवढे, कुठे डोक्यावरून. कतारमध्ये आपसूक उगवणारी कांदळवनाची जात ही एकच. ओहोटी असेल तर चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात, बोटाएवढी, हजारो, कुणीतरी पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पण मी दरवेळी एकच काम करतो. सायकल वाळूत आडवी टाकतो, पान खुडत नाही, झाडावरच धरतो आणि जीभ लावतो. मीठ. पानाच्या अंगावर स्वच्छ मिठाचे कण असतात. मुळांनी आत आलेलं खारं पाणी झाड असं पानावाटे बाहेर टाकतं. लहानपणी वेंगुर्ल्याला मामाने हे शिकवलं होतं. चाळीस किलोमीटर घाम गाळून आल्यावर माझ्या दंडावर आणि तिवराच्या पानावर सारखाच थर असतो. उन्हात दोन्ही चमकतात.

येताना वारा पाठीशी. दीड तासात घर. घरी जाण्याआधी बर्झानच्या मनोऱ्यांपाशी थांबायचं, हा माझा नेम. उम्म सलाल मोहम्मद गाव म्हणून वाढलं ते शेख मोहम्मद बिन जासिम अल थानी यांच्या किल्ल्याभोवती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोरे उभे राहिले, 1910 मध्ये शेखांनी ते दुरुस्त केले. बर्झान म्हणजे उंच जागा. उंची सोळा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या पाच मजली इमारतीएवढी, पण या परातीत तेवढं पुरतं. इथून रौद्यातल्या पाण्यावर पहारा असे, मोती काढणाऱ्या बुडक्यांच्या बोटींवर नजर असे, आणि इथूनच चंद्रकोर पाहून महिना ठरे. आमच्या घरी संकष्टीला चंद्रोदय कॅलेंडरात पाहून मग गच्चीत जातात. इथे आधी गच्ची, मग कॅलेंडर. ते मोती पुढे मुंबईच्या बाजारात जात. 1966 पर्यंत या देशात चलनही भारतीय रुपयाचंच होतं. माझ्या आधी इथून तिकडे, तिकडून इथे बरंच काही जाऊन-येऊन आहे.

एका शुक्रवारी आत जायला मिळालं. हातभर जाडीच्या वाटाव्यात अशा भिंती, प्रत्यक्षात मीटरभर. प्रवाळाचा दगड, चुनखडक, मातीचा गिलावा. बाहेर चाळिशीतला पारा असताना आत आपल्या माजघरासारखा गारवा. मी सवयीने वर पाहिलं. कोकणातला माणूस कुठल्याही घरात शिरला की आधी वासे बघतो. वर गोल, सालीसकट वाटाव्यात अशा बल्ल्या, एकीला लागून एक, त्यांच्यावर विणलेली चटई, चटईवर माती. पहारेकऱ्याने सांगितलं, दंचल. खारफुटीची लाकडं.

ही थकीराची असणं शक्य नव्हतं. तिथलं तिवर वाकडंतिकडं, खुज्या अंगाचं. ही सरळ लाकडं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, लामू आणि रुफीजीच्या खाड्यांमधून शिडाच्या गलबतांनी आली. तिथल्या कांदळाची. हो, आपलाच कांदळ. दंचलला काहीजण चंदल म्हणतात, आणि ते ऐकून माझा मालवणी कान चमकला. तीन मीटरच्या आसपास लांबीचीच बल्ली मिळायची, म्हणून आखातातल्या जुन्या घरांच्या खोल्या तेवढ्याच रुंद. शेखाचं घर असो की कोळ्याचं, लांबी हवी तेवढी वाढवा, रुंदी मात्र झाड ठरवणार. मी दोन्ही हात पसरून ती खोली मोजली. दोन वावांच्या आतच भिंत लागली. घर फिरलं की वासे फिरतात असं आपण म्हणतो. इथे वासे आधी अर्धा समुद्र फिरले, मग घर झालं.

खाली उतरलो. सायकल दाराशी भिंतीला टेकवून ठेवली होती, स्टँड नसल्यामुळे. रस्त्यापलीकडे उम्म सलालच्या मोठ्या बाजारात मासळी आली असणार होती. सुरमई घेऊन जावी असं मनात आलं आणि लक्षात आलं, ठेवणार कुठे? त्या आठवड्यात मी भंगारवाल्याकडून जुनी पोलादी सायकल घेतली. तिला कॅरिअर आहे. शुक्रवारी आता तीच नेतो. घोळक्यात मागे पडतो, पण सुरमई येते.

तुम्हीही कधी इकडे सायकल घेऊन येणार असाल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये या. ट्यूब दोन घ्या. पाय ताजे असतील तेव्हा उत्तरेकडे निघा, म्हणजे शमालचा चढ आधी होतो आणि परतताना तोच ढकलत आणतो. चढावर बोलू नका. आणि वेडी बाभूळ लागलीच, तर उम्म सलाल अलीच्या पुढे, डाव्या हाताच्या शेतावर, निळ्या दारापाशी बादली मिळते.